दहावा डबा

सालोमीने खाटेपाशी डबा ठेवला, तशी अनसूयाबाईंनी प्लास्टरमधला पाय सावरत मान फिरवली. शेजारच्या या ख्रिस्ती बाईचे नऊ डबे त्यांनी गुपचूप मांजराला घातले होते आणि स्वतः चहा-टोस्टवर दिवस काढले होते. फुकट कोण कुणाला भरवतं? आज ना उद्या ही पिशवीतून पुस्तक काढणार आणि धर्म बदला म्हणणार!

पण आज खिचडीच्या वासाने पोटात कावळे कोकलायला लागले.

"आधी तू खा," त्या म्हणाल्या.

"मी नाही खात, काकू."

"का? काय घातलंयस त्यात?"

सालोमीला हसू फुटलं. "मीठ जरा जास्त पडलंय. आमचा चाळीस दिवसांचा उपास आहे. माझं दुपारचं जेवण कुणाला तरी द्यायचं असतं, म्हणून तुम्हाला आणते."

अनसूयाबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. साठ वर्षं एकादशी धरूनही त्यांना समोरचे सुकलेले ओठ नऊ दिवस दिसले नव्हते.

त्यांनी मांजराला हाकललं आणि डबा पुढे ओढला.

"उपास सुटेल त्या दिवशी माझ्याकडे जेव," त्या घास घेत म्हणाल्या. "पुस्तक मात्र घरीच ठेवून ये हं!"