कारण पहिले: अज्ञान

"तपासणीवाले आले की लोक आजाऱ्यांना घोंगडीत गुंडाळून माळ्यावर चढवायचे," सर म्हणाले, आणि लॅपटॉपच्या पडद्यावरचा अख्खा वर्ग खो खो हसला.

साथीच्या या दिवसांत इतिहासाच्या सरांना भलताच भाव आला होता. जुन्या साथींवर त्यांच्याइतकं रंगवून बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा अफवा कशा पसरल्या, दोष कुणाच्या माथी मारला, हे सगळं ते असं सांगत, जणू त्या काळातून नुकतेच हात धुऊन आलेत.

"पण सर, लपवायचे कशाला? बरं व्हायचं नव्हतं का त्यांना?" सतत प्रश्न विचारणाऱ्या एका मुलीने विचारलं.

"लिहून घ्या. कारण पहिले: अज्ञान."

इतक्यात आतल्या खोलीत आईला खोकल्याची उबळ आली. सरांनी चटकन माइकचं बटण दाबून आवाज बंद केला. उबळ ओसरल्यावर पुन्हा दाबून सुरू केला. आईला ताप आल्यापासून ही कसरत त्यांच्या अंगवळणी पडली होती. ते तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत, गोळ्या देत, पण डॉक्टरांचं नाव काढत नसत. समोरच्या काकांना गाडीतून नेलं होतं आणि मागून आला तो फक्त ते गेल्याचा फोन. तसल्या फोनची सरांनी धास्ती घेतली होती. सकाळपासून आईला बोलतानाही धाप लागत होती, तरी साधी सर्दी आहे असं ते स्वतःला बजावत होते.

"अज्ञान म्हणजे बघा," सरांनी पुन्हा धागा पकडला, "डोळ्यांदेखत घरचं माणूस खंगतंय, मदत दारात उभी आहे, आणि हे शहाणे..."

आई पुन्हा खोकली. सरांनी बटण दाबलं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. आवाज बंदच आहे हे घाईत विसरून, उठता उठता त्यांनी बटण आणखी एकदा दाबलं.

दारात नर्स उभी होती. घरोघर तपासणी चालू होती.

"घरात कुणी आजारी?"

"छे हो! आई बहिणीकडे गेलीये. मी एकटाच आहे, अगदी ठणठणीत."

आत आई पदर तोंडात कोंबून खोकला गिळत होती. नर्स जिना उतरू लागली. सर दार लावून परत खुर्चीत येऊन बसले.

"गेल्या का रे त्या?" आईने विचारलं, आणि अडवून धरलेला खोकला असा उसळला की तिला श्वास पुरेना.

आवाज सुरू करायला सरांनी हात पुढे केला, तर तो सुरूच होता. पडद्यावरचा एकही चेहरा हसत नव्हता.

मग त्याच मुलीने हळूच विचारलं, "सर, अज्ञान खोडू का?"

"खोड," सर कसेबसे म्हणाले.

"मग काय लिहू?"

खुर्ची रिकामी झाली होती. दार धाडकन उघडलं, आणि जिन्यावरून सरांची हाक वर्गाला स्पष्ट ऐकू आली.

"ताई, परत वर या! आई घरातच आहे. भीती वाटली हो मला!"

मुलीने लिहून घेतलं.