जयवंतीकडची किल्ली

चूक माझीच. एका दुपारी कुणाच्या तरी नादाने सगळी पुंजी जुन्या इंजिनाच्या होडीत घातली आणि ती होडी एक हंगामही चालली नाही. त्यानंतर पुन्हा चार पैसे जमू लागले तशी मीच पैशाच्या पेटीची किल्ली चिंचणीला, धाकट्या बहिणीकडे, नेऊन ठेवली आणि तिला बजावलं, "मी घाईत आलो तर देऊ नको."

तेव्हापासून दोनदा बोईसरहून तिच्याकडे धावलो आणि दोनदा हात हलवत परतलो. एकदा तर म्हणाली, "दादा, सदऱ्याची बटणं बघ कशी लावलीस."

या वेळी स्टेशनजवळचा जागेचा तुकडा होता. तारापूरला मोठं काम निघाल्यापासून भाव रोज चढत होते आणि दलाल संध्याकाळपर्यंतच थांबणार होता. म्हणून मी बटणं नीट लावून गेलो. ओटीवर ऐसपैस बसलो, दोनदा चहा घेतला, तिच्याबरोबर वालाच्या शेंगा सोलल्या, सासूबद्दलची तिची सगळी गाऱ्हाणी शेवटपर्यंत ऐकली. मग आत्ताच आठवल्यासारखं म्हटलं, "जाताना ती किल्ली तेवढी दे."

"देते की. घाई नाय ना तुला?"

"कसली घाई? आज मोकळाच हाय मी."

जयवंतीने पदराला हात पुसले, पायरी उतरली आणि मी रस्त्यावर थांबवून ठेवलेल्या टांगेवाल्याला म्हणाली, "तू जा रे बाबा. दादा आज मुक्कामाला हाय."