जनीचा जबाब

“मुलगी स्वतः आली आहे ना? मग तिलाच बोलू दे,” अध्यक्ष कांताताईंना म्हणाले.

ठाण्याच्या सरकारी विश्रामगृहातल्या त्या लांबट खोलीत पंखा एकच होता आणि तो समितीच्या डोक्यावर होता. बलात्काराच्या खटल्यांसाठी कायद्यात काय सुधारणा करायला हवी, हे ऐकायला राज्याची ही समिती जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडत होती. समितीवर एक बाई सदस्य होत्या. त्या आल्याच नव्हत्या. उरलेल्या पुरुषांपुढे कांताताई एकच मागणी लावून धरत होत्या: बाईचा जबाब एकदाच घ्या, तिच्या घरी घ्या आणि बाई अधिकाऱ्याकडूनच घ्या. चौकीत, दवाखान्यात, कोर्टात, दर वेळी नव्या माणसासमोर तिला तेच ते सांगायला लावू नका.

“मॅडम, तुमचं म्हणणं पटतं हो,” अध्यक्ष म्हणाले. “पण नुसत्या मागणीवर कलम होत नाही. तिच्या तोंडून ऐकलं की आम्हालाही वर जोर लावता येतो. पाच मिनिटं बोलू दे तिला. आज ऐकलं तर शिफारशीत घालतो. नाहीतर बघू मग पुढे कधीतरी.”

‘पुढे कधीतरी’ म्हणजे काय, ते कांताताईंना चांगलं ठाऊक होतं. डोंबिवलीतली शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी मोर्चे काढले होते, मंत्र्यांच्या दारात ताटकळल्या होत्या. इतक्या वर्षांत हाताला न लागलेलं कलम आता टेबलाच्या पलीकडे, बिस्किटांच्या बशीशेजारी येऊन बसलं होतं.

शेजारी जनी बसली होती. मानपाड्याजवळच्या गावातली, औषधांच्या कारखान्यात पॅकिंग करणारी. ज्या मुकादमावर तिने केस केली तो जामिनावर सुटून पुन्हा त्याच गेटवर उभा राहत होता. सकाळी खोपटच्या स्टँडवर एसटीतून उतरताना कांताताईंनी तिला शब्द दिला होता, तू नुसती बस, बोलेन ते मीच.

“जनी,” त्या हळूच म्हणाल्या. स्वतःचीच लाज वाटत होती, तरी म्हणाल्या. “बोलशील? फक्त एकदा.”

जनीच्या पलीकडे तिची आई होती, सखुबाई. ती ताडकन वळली. “एकदा? ताय, चौकीवरचा सायेब पन एकदाच बोल्ला होता. डाक्टर पन एकदाच. वकील पन. कवरे एकदा झाले ते!”

“माझा आग्रह नाही,” कांताताई म्हणाल्या. आग्रहच होता, हे तिघींनाही कळत होतं.

अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

“ऱ्हऊ दे आये,” म्हणत जनी उठली. पदर घट्ट केला, समोरच्या भिंतीकडे नजर लावली आणि सुरू झाली.

“मी वरील ठिकाणी आईसोबत राहण्यास असून मजुरी करून उदरनिर्वाह करते. घटनेच्या दिवशी सायंकाळी पाळी सुटल्यानंतर मी घरी जात असता सदर इसमाने गोदामात काम असल्याचे सांगून मला बोलावून घेतले व दरवाजा आतून बंद केला. त्यानंतर सदर इसमाने माझ्या मनाविरुद्ध...”

ती कुठेही अडली नाही, रडली नाही. पाढे म्हणावेत तसा आवाज. एसटीत अख्खी वाट आपल्या आगरी बोलीत बडबडत आलेली पोर ही नव्हेच. तिच्या तोंडून हवालदार बोलत होता.

“थांब, थांब,” कडेला बसलेल्या वकील सदस्यांनी हात वर केला. “हे पाठ कोणी करून घेतलं तुझ्याकडून?” मग कांताताईंकडे बघून ते हसले. “मॅडम, पढवलेली साक्षीदार आणून कलम मागताय होय?”

“पढवलेली?” कांताताई भडकल्या. उभ्याच राहिल्या. “कोर्टात एक शब्द इकडचा तिकडे झाला की म्हणता, खोटं बोलते. झाला नाही की म्हणता, पढवलेली आहे. तिने जायचं तरी कुठे?”

वकीलसाहेबांनी बशी उगाचच पुढे सरकवली. अध्यक्षांनी आवाज मऊ केला. “बरं, बरं. बाळ, तू घाबरू नकोस. तुझ्या शब्दांत सांग बघू.”

जनी उभीच होती. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आईकडे पाहिलं. सखुबाईने तिचा हात धरला.

“माजे शब्द मी पयल्या दिशीच सांगले, साहेब,” ती अखेर म्हणाली. “हवालदार बोल्ला, असा नाय लिवत. त्यानी त्याचे लिवले. मंग सगल्यांनी तेच इचारले. तेच बोलून बोलून माजे जेले. आता आठवाला जाते तं त्याचेच येतान.”

कांताताई मटकन खाली बसल्या. त्यांच्या निवेदनात हे कुठेच नव्हतं.

अध्यक्षांनी घसा खाकरला आणि कोपऱ्यात बसलेल्या लघुलेखकाकडे वळून ते म्हणाले, “घ्या. सदर महिलेने समितीसमोर असे नमूद केले की...”

“नमूद नाय केला, साहेब,” जनी म्हणाली. “सांगला.”