शिंपल्यांचं औषध

सून प्रयोगशाळेत शिंपल्यांच्या मांसातून पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे, वेगळे काढायची. त्या तुकड्यांनी ठिसूळ हाडं बळकट होतील अशी आशा होती. सासूबाई रोज विचारायच्या, "अगं, तुझं ते औषध मला कधी देणार?"

"आई, अजून उंदरांवरच चाचणी चालू आहे," हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं. शेवटी एकदा वैतागून तिने एका बाटलीत दुधाची पावडर भरली आणि "रोज एक चमचा घ्या" म्हणून हातात ठेवली. भुणभुण थांबली. तिलाही हायसं वाटलं.

तीन महिन्यांनी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "आजी, हाडांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या घेताय ना?"

"छे, त्या केव्हाच सोडल्या."

सुनेला वर बघवेना.



सासूबाईंनी धडधाकट हाताने तिला पुढे ओढलं. "आता हिचंच औषध घेते मी. म्हणून तर मनगटावर निभावलं, डॉक्टर, नाहीतर कंबरच मोडली असती!"