मामांसाठी एक परिच्छेद

‘मामा फार प्रेमळ आहेत’ हे वाक्य संपादकांनी तिसऱ्यांदा खोडलं.

“खरं तर आहे ते,” बायको चहाचा कप ठेवत म्हणाली.

“खरं असून काय उपयोग? सिद्ध कुठे होतंय?”

“तुमचं सिद्ध होईपर्यंत मामा नव्वदीला टेकतील.”

महिन्याच्या शेवटच्या रविवारी इमारतीच्या समितीची बैठक होती. लिफ्ट आता बटणावर चालू लागली होती. बावीस वर्षं ती चालवणाऱ्या मामांना ठेवायचं की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. पहिल्या मजल्यावरच्या इंजिनिअरांचं म्हणणं एवढंच होतं, की बटण दाबायला माणूस कशाला? संपादकांनी चाळीस वर्षं वर्तमानपत्रात इतरांच्या लिखाणाला कात्री लावली होती. मामांसाठी ते स्वतः अर्ज लिहिणार होते. एकच परिच्छेद, पण बिनतोड.

अर्जाचा एक नियम होता, तोही संपादकांनीच आणलेला. नाव कागदाच्या तळाशी लिहायचं आणि घडी घालून झाकायचं. घडी उघडायची ती मतं मोजून झाल्यावर. माणूस बघून नव्हे, मुद्दा बघून ठरावं.

दुपारी लिफ्टला काम नसे. मामा स्टुलावर बसत. पायाशी मुलीने पाठवलेलं एक रोप असे. तिची परगावी रोपवाटिका होती. संपादक खुर्ची घेऊन समोर बसत आणि मामांची डायरी चाळत. वीज कधी गेली, कोण अडकलं, कोणाला दवाखान्यात पोचवलं, सगळं त्यात तारखेसकट होतं.

“गेल्या वर्षी सतरा वेळा वीज गेली?”

“सतरा. दर वेळी सात मजले चढायचे, वरचं चाक हाताने फिरवायचं, लिफ्ट खाली आणायची.”

“झकास! म्हणजे, तुमचे हाल झाले. पण पुरावा झकास.”

मामा हसले. “साहेब, हे परिच्छेदाचं नक्की कसं असतं?”

संपादकांना तेवढंच हवं होतं. “काय हवंय ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचं. आढेवेढे नाहीत. मग पुरावा. मग त्यातून काय निघतं ते, नाहीतर लोक आपापल्या सोयीचं काढतात. मग समोरचा काय म्हणेल ते आपणच म्हणायचं आणि उत्तर देऊन मोकळं व्हायचं. ‘मी’ लिहायचं नाही. ‘मी’ आला की पुरावा मागे सरकतो. आणि विशेषण दिसलं की खोडायचं.”

“आणि समोरच्याने तुमच्याहून भारी लिहिलं तर?”

“तर तो जिंकला.”

“तुम्ही मानाल?”

“मामा, चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी?”

मामांनी मान डोलावली आणि रोपाला पाणी घातलं.

दोन दिवसांनी संपादक गच्चीवर गेले, तर वरच्या खोलीत मामा चाक कसं फिरवायचं ते तिघांना दाखवत होते. तिघांत इंजिनिअर होते.

इंजिनिअर खाली गेल्यावर संपादक म्हणाले, “अहो मामा, शत्रूच्या हातात चाक देताय?”

“शिकायचंय म्हणाले. मला नाही म्हणताच येत नाही कोणाला.”

संपादकांनी तिथेच वही काढली. बावीस वर्षांत कोणालाही नाही म्हटलेलं नाही. परिच्छेदाचं शेवटचं वाक्य मिळालं होतं.

रविवारी सातही सभासद जमले. अध्यक्ष होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी पहिला अर्ज वाचला. सतरा वेळा वीज, अडकलेल्या आजी, दवाखान्याच्या तारखा, आणि शेवटी ते वाक्य. इंजिनिअर चष्मा पुसू लागले. संपादक मागे रेलून बसले.

“आणखी एक अर्ज आहे,” बाई म्हणाल्या.

संपादकांनी इंजिनिअरांकडे पाहिलं.

“‘समितीने लिफ्टमनला या महिन्यात निरोप द्यावा. त्याचं वय अडुसष्ट आहे. गेल्या वर्षी तो सतरा वेळा सात मजले चढला. बावीस वर्षांत त्याने चार सुट्ट्या घेतल्या. मुलीने त्याच्यासाठी खोली बांधली, तिला दोन वर्षं कुलूप आहे. म्हणजे इमारतीची सोय होते ती त्याच्या गुडघ्यांवर आणि मुलीच्या वाट पाहण्यावर. वीज गेली तर काय, असं विचारलं जाईल. या महिन्यात तिघे चाक फिरवायला शिकले आणि दोनदा त्यांनीच लिफ्ट खाली आणली. त्यालाच जायचं नाही, असंही म्हटलं जाईल. पण तो कोणालाच नाही म्हणत नाही. अशा माणसाचा होकार हा त्याच्या इच्छेचा पुरावा होत नाही.’”

संपादकांनी मनातल्या मनात कात्री चालवून पाहिली. एक शब्द निघेना. पठ्ठ्या मामांच्या मुलीने बांधलेल्या खोलीपर्यंत पोचला होता. पुरावे त्यांचेच वापरले होते, आणि त्यांच्याहून चांगले.

“दुसऱ्या अर्जाच्या बाजूने?”

एकेक करून पाच हात वर गेले. संपादकांनी शब्द दिला होता. सहावा त्यांचा.

एकच हात खाली राहिला, इंजिनिअरांचा. “मला पहिला पटला,” ते ओशाळून म्हणाले. “मामा राहू देत.”

“मग हा लिहिला कोणी?” संपादक खुर्चीतून अर्धे उठले.

डॉक्टरीणबाईंनी घडी उघडली, वाचलं, आणि कागद त्यांच्या हातात दिला.

“साहेब, विशेषण सापडलं तर खोडा. आपला, लिफ्टमामा.”