अंग सैल सोडा

"अहो, तुम्हाला लकवा झालाय!" अनुपमा सिस्टर ओरडल्या. "लकवा झालेली बाई स्वतःचं तोंड स्वतः पुसते का?"

वनमालाने हातातला ओला टॉवेल गुपचूप आपल्या जोडीदारणीला, शकुला, परत दिला आणि हात चादरीखाली घातला. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाया फिदीफिदी हसल्या.

मुलुंडच्या त्या आश्रमात अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं ठेवत, आणि त्यांचं सगळं करायला बाया तयार करत. शिकवणं सिस्टरांकडे. त्यांची रीतच न्यारी. आधी एकमेकींवर शिकायचं. एकीने पेशंट होऊन खाटेवर पडायचं, दुसरीने तिचं अंग पुसायचं, केस विंचरायचे, तिला कुशीवर वळवायचं, खालची चादर बदलायची. आणि जिला नीट पेशंट होता येत नाही, तिला सिस्टर वॉर्डात पाऊल टाकू देत नसत. "स्वतः पडून बघितल्याशिवाय पडलेल्याचं दुखणं कळत नाही," हे त्यांचं पालुपद.

करण्यात वनमालाचा हात धरणारं कुणी नव्हतं. केवढीही भरल्या अंगाची बाई असो, ही तिला अशी अलगद वळवायची की झोपलेली असती तर जागी झाली नसती. पण स्वतः पडायची पाळी आली की सगळा आनंद! वळवायला जावं तर ही आपणच कंबर उचलणार. चादर घालायला जावं तर हीच दुसरं टोक खोचणार. काल तर शकुला घाम फुटलेला पाहून, "तू जेवलंस काय गो?" असं आपल्या गावच्या बोलीत विचारून बसली. वाचा गेलेली पेशंट, आणि जेवणाची चौकशी करते! सिस्टरांनी कपाळावर हात मारून घेतला होता. आज शेवटची संधी होती. जमलं तर सोमवारपासून बायकांच्या वॉर्डात काम, नाही जमलं तर वाकोल्याला घरी.

आता घरी म्हणजे तरी काय, एक खोली आणि एक स्टोव्ह. नवरा वारला. मुलगा सासऱ्याच्या ओळखीने सुरतेला कामाला लागला, तो तिकडचाच झाला. दिवसच्या दिवस तिला कुणी हाक मारत नसे. नळावर जाऊन उगीच बायकांशी बोलावं, तर त्यांना आपापल्या घरची घाई. वॉर्डात निदान कुणीतरी "बाई, इकडे ये गं" म्हणेल, एवढ्यासाठी तिचा जीव या कामावर जडला होता.

"चल शकु, आता कुशीवर घे," सिस्टर म्हणाल्या. "आणि वनमालाबाई, अंग सैल सोडा. आता मदत केलीत तर मी काही ऐकून घेणार नाही."

शकुने एक हात खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली. तिने जोर लावायच्या आतच वनमालाची कंबर वर आली.

"वाट लागली!" शकु पुटपुटली. घाटकोपरची पोर, जिभेला हाड नाही. ती खाली वाकली आणि वनमालाच्या कानाशी दात-ओठ खाऊन म्हणाली, "मावशी, कशाला एवढी धडपड? कोण अडलंय तुमच्यावाचून? पडा ना जरा गप!"

पोर चिडून बोलली, तिच्या मनात काही नव्हतं. पण शब्द जिव्हारी लागला. वनमालाने तिच्याकडे पाहिलं. खरंच, कोण अडलं होतं? तिने डोळे मिटले. मान उशीवर कलंडली. वर आलेली कंबर खाली टेकली, आणि हात जिथे होता तिथेच राहिला.

"हां, आता कसं!" सिस्टर म्हणाल्या.

शकुला पहिल्यांदाच त्या अंगाचा सगळा भार कळला. कशीबशी तिने मावशीला कुशीवर घेतलं, चादर सरकवली, परत उताणं केलं. मग कोमट पाण्यात फडकं पिळून पाय पुसायला घेतले. टाचांच्या भेगा, घोटे, बोटांच्या बेचक्या. वनमालाच्या पायांना असा हात कुणी लावला होता? लहानपणी आईने लावला असेल. ते आता कुणाला आठवतंय!

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. तिने ते पुसलं नाही.

"मावशी, लागलं का कुठे?" शकु घाबरली. तिला आपलंच मघाचं बोलणं टोचलं. तिने फडकं बाजूला ठेवलं आणि आपल्या पदराने मावशीचे डोळे टिपले. हे काही शिकवलेलं नव्हतं, पण सिस्टरांनी ते करू दिलं.

"दोघीही पास," शेवटी त्या म्हणाल्या. "सोमवारी सकाळी या. वनमालाबाई, आज अगदी खरं वाटलं हो! उठा आता."

बायांनी टाळ्या वाजवल्या. वनमाला उठली नाही.

"अहो उठा, पुढच्या जोडीला खाट हवीय."

शकुने खांदा धरून हलवला. खांदा सैल होता, नुसता हलला. बाया खाटेजवळ सरकल्या.

"बाई, झालं की सगळं," सिस्टर जरा नरमून म्हणाल्या. "आता काय राहिलंय?"

वनमालाने डोळे उघडले नाहीत. एवढ्या हळू बोलली की सिस्टरांना वाकून ऐकावं लागलं.

"केस इंचरूचे रवले, सिस्टर."