जास्वंद कोणाच्या दारात

“प्रत्येक दाराशी आपापली जास्वंद, आपापला कढीपत्ता. शेजारी जायची गरजच नाही,” तरुण वास्तुविशारद ऋजुताने पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीतल्या बागेच्या घरांकडे बोट दाखवले. पावसाचे पाणी जिरवणारा हा आराखडा तिथे एकत्र राहायला जाणाऱ्या निवृत्त मंडळींनी नाकारला, तर तिचे पहिलेच काम हातचे जाणार होते.

निवृत्त मुख्याध्यापिका वत्सलाताईंचा चेहरा पडला. “मग मी सकाळी फुले चोरायची कोणाची?”

“माझीच की,” त्यांचे शेजारी खानोलकर म्हणाले. “तुमच्यावर पाळत ठेवायलाच तर मी पहाटे उठतो.”

हशा पिकला. ऋजुता ओशाळली, मग तिने जास्वंद खानोलकरांच्या दारात ठेवली, कढीपत्ता वत्सलाताईंच्या, आणि मधले कुंपण उपटले.

“कुंपण राहू द्या हो,” वत्सलाताई म्हणाल्या. “त्याशिवाय चोरल्यासारखे वाटायचे नाही.”

ऋजुताने पलीकडे हात पोचेल एवढे बुटके कुंपण चिकटवले, आणि आराखडा मंजूर झाला.